पाय मोजा, भोक ठरवा, मग कडं: किकॅडमध्ये पॅड आणि व्हायाचे आकार

एखादा जुना दोन थरांचा सर्किट बोर्ड घ्या, खिडकीपाशी उजेडात धरा आणि भिंगातून त्याच्या व्हायांकडे, म्हणजे दोन थरांचं तांबं जोडणाऱ्या भोकांकडे, बघा. भोक अगदी मध्यावर असलेला व्हाया शोधावा लागेल. बहुतेकांचं तांबं एका बाजूला जाड असतं आणि दुसऱ्या बाजूला बारीक. अजून थोडं लक्ष दिलं तर बरीचशी भोकं एकाच दिशेला सरकलेली दिसतील. भोकं आधी पाडली जातात आणि तांब्याचं चित्र नंतर उमटवलं जातं. या दोन कामांत पॅनेलची जुळणी केसभर चुकली की सगळा बोर्डच त्या दिशेला सरकतो. त्याशिवाय ड्रिलचं पातं आत शिरताना स्वतःही किंचित हलतं, ते वेगळंच.

भोकाभोवती उरणारं हे तांब्याचं वर्तुळ म्हणजे अ‍ॅन्युलर रिंग. मी त्याला कडं म्हणतो, कारण त्याची नेमकी कल्पना त्या शब्दातून येते. पॅड (घटकाचा पाय सोल्डर होतो तो तांब्याचा ठिपका) किंवा व्हायाच्या व्यासातून भोकाचा व्यास वजा करा आणि निम्मं करा, ती कड्याची रुंदी. पॅड १.७ मिमी, भोक १.० मिमी, तर कडं ०.३५ मिमी. निम्मं करायला विसरू नका. नव्याने शिकणारे बरेच जण ०.७ धरून चालतात आणि जागा भरपूर आहे असं समजतात.

हा लेख किकॅड हे सर्किट बोर्ड आखायचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी आहे. ते मोफत आहे, महाविद्यालयांत आणि छोट्या उद्योगांत सगळीकडे पोचलं आहे, आणि त्यात हे आकार दोन-तीन वेगवेगळ्या जागी ठरतात. त्यामुळे नवा माणूस एका जागी बदल करतो, दुसरीकडे काहीच बदलत नाही, आणि तो गोंधळतो. पण सॉफ्टवेअर उघडायच्या आधी थोडं काम टेबलावर करायचं आहे.

कडं कशासाठी लागतं

माझ्या सुरुवातीच्या एका सिंगल-साइड, म्हणजे एकाच बाजूला तांबं असलेल्या, बोर्डवर वीजपुरवठ्याची तार लावायला स्क्रू टर्मिनल होतं. भोक १.३ मिमी, पॅड २ मिमी. हिशेबाने कडं ०.३५ मिमी, पण भोक हाताने पाडलेलं होतं, त्यामुळे एका बाजूला ते नखाएवढंही उरलं नव्हतं. सोल्डर छान चमकत होतं, बोर्ड चालत होता. पण दर वेळी पेचकसाने स्क्रू आवळला की तो जोर टर्मिनलच्या पायांतून थेट त्या पातळ तांब्यावर यायचा. काही आठवड्यांनी पॅड ट्रॅकसकट, म्हणजे त्याला जोडलेल्या तांब्याच्या पट्टीसकट, उचकटून वर आला.

सिंगल-साइड बोर्डवर पॅडला खाली धरून ठेवतो तो फक्त तांबं आणि बोर्ड यांच्यामधला चिकट थर. सोल्डरिंगच्या उष्णतेने तो थर मऊ पडतो, आणि पॅड जितका छोटा तितकी त्याची पकड कमी. भोक प्लेटेड असेल, म्हणजे त्याच्या आतल्या भिंतीवर तांबं चढवलेलं असेल, तर गोष्ट पूर्ण वेगळी होते. वरचं कडं, आतली नळी आणि खालचं कडं मिळून रिव्हेटसारखं बोर्डला पकडतात. म्हणूनच कारखान्यातून आलेल्या बोर्डवर ०.१५ मिमीचं कडंही टिकतं आणि घरी बनवलेल्या बोर्डवर ०.३५ मिमीचंही तुटू शकतं. इंटरनेटवर दिसणारा कुठलाही आकडा उचलण्याआधी तो प्लेटेड भोकासाठी आहे की साध्या, हे आधी बघा.

व्हायामध्ये कुठला पाय जात नाही, त्याला यांत्रिक जोर सोसायचा नसतो. तिथे कड्याचं काम एकच: भोक सरकलं तरी ट्रॅक आणि नळी यांचा सांधा शाबूत राहावा.

पहिली पायरी: पाय मोजा

व्हर्नियर कॅलिपर घ्या. नसेल तर घ्या, या छंदात मल्टिमीटरनंतरची ही सर्वांत उपयोगी वस्तू आहे. घटकाच्या डेटाशीटमध्ये, म्हणजे उत्पादकाच्या माहितीपत्रकात, पायाची मापं असतात, तिथे नेहमी कमाल माप वाचा, सरासरी नाही.

गोल पायाचं सोपं असतं. पाव वॉटच्या रेझिस्टरचा पाय साधारण ०.६ मिमी भरतो. चौकोनी पायाला मात्र कर्ण मोजायचा असतो. हेडरची, म्हणजे जोडणीसाठीच्या पिनांच्या ओळीची, पिन ०.६४ मिमीची चौरस असते, पण भोक गोल असतं, त्यामुळे त्यातून जाणारी खरी रुंदी ०.६४ गुणिले १.४१४, म्हणजे सुमारे ०.९१ मिमी. ०.८ मिमीचं भोक ठेवून हेडर शिरत नाही म्हणून बोर्डवर हातोडी आपटणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत. चपट्या पायालाही हेच लागू, तिथे लांबी आणि रुंदीचा कर्ण काढा.

दुसरी पायरी: भोक ठरवा

पायाच्या कमाल मापात ०.२ ते ०.२५ मिमी मिळवा. सोल्डरला भोकात वर चढायला जागा हवी, आणि पाय सहज शिरायला हवा. फार मोठं भोकही वाईट, कारण पाय आत डुगडुगतो, घटक तिरका बसतो आणि सोल्डर खालून गळून जातं.

०.६ मिमी पायाला ०.८ मिमी भोक, हे किकॅडच्या तयार घटकांच्या लायब्ररीतही असंच आहे. डीआयपी, म्हणजे दोन ओळींत पाय असलेल्या, आयसीलाही ०.८. १एन४००७ सारख्या डायोडचा पाय जाड असतो, त्याला लायब्ररी १.१ मिमी देते. हेडरला १.० मिमी दिलेलं आहे, ते वरच्या नियमापेक्षा घट्ट आहे. पिन बसते, पण जोर लावून. वीस-चाळीस पिनांचा लांब हेडर असेल तर मी १.१ करतो.

इथे एक गोष्ट नीट समजून घ्या, कारण पुढचा सगळा हिशेब तिच्यावर आहे. किकॅडमध्ये तुम्ही जे भोक लिहिता ते सहसा तयार भोक मानलं जातं, म्हणजे तांबं चढल्यानंतर उरणारं. तांबं चढल्यावर भोक बारीक होणार, म्हणून कारखाना मुळात मोठं ड्रिल वापरतो, साधारण ०.१ ते ०.१५ मिमीने मोठं. तुमच्या फाइलीत १.० असेल तर मशिनवर १.१ किंवा १.१५ चं पातं लागतं. तेवढं कड्याचं तांबं आधीच खाल्लं गेलं. व्हायाच्या बाबतीत काही कारखाने हा फरक धरत नाहीत, लिहिलेलं माप हेच ड्रिलचं माप समजतात. ते त्यांच्या क्षमतांच्या तक्त्यात लिहिलेलं असतं. पहिल्या ऑर्डरआधी तो तक्ता शेवटपर्यंत वाचा.

तिसरी पायरी: कडं आणि मग पॅड

आयपीसी या संस्थेच्या २२२१ या मानकात याचं साधं सूत्र आहे: भोकाचं कमाल माप, अधिक लागणाऱ्या किमान कड्याची दुप्पट, अधिक निर्मितीची सूट. ही सूट म्हणजे मशिनच्या चुकीसाठी राखून ठेवलेली जागा. मानकात तिच्या तीन पातळ्या आहेत: ०.४, ०.२५ आणि ०.२ मिमी. ०.४ ही सर्वांत सैल, बनवायला सर्वांत सोपी. प्लेटेड भोकाच्या बाहेरच्या थरावर किमान कडं ०.०५ मिमी धरतात, आतल्या थरांवर ०.०२५ मिमी, आणि साध्या न-प्लेटेड भोकाला ०.१५ मिमी.

हेडरचं उदाहरण घेऊ. भोक १.० मिमी, टॉलरन्स (मापात चालणारा फरक) ०.०८ धरला तर कमाल १.०८. किमान कड्याची दुप्पट ०.१. सैल पातळीची सूट ०.४. बेरीज १.५८ मिमी. किकॅडची लायब्ररी १.७ देते, म्हणजे सूत्रापेक्षा थोडं जास्तच. दोन पिनांमधलं अंतर २.५४ मिमी असल्याने १.७ च्या दोन पॅडांमध्ये ०.८४ मिमी जागा उरते. त्यातून ०.२५ मिमीचा एक ट्रॅक दोन्ही बाजूंना जवळपास ०.३ मिमी सोडून जातो. मला हा आकार पसंत आहे.

हाच हेडर न-प्लेटेड असेल तर बेरीज १.७८ होते. आणि हा कारखान्याच्या मशिनचा हिशेब आहे. हाताने भोक पाडणाऱ्याची चूक ०.४ मध्ये मावत नाही.

०.०५ मिमी हे किमान कडं बोर्ड तयार झाल्यावर मोजलेलं असतं, डिझाइनमध्ये लिहिण्यासाठी ते नाही. डिझाइनमध्ये ०.०५ लिहिलं तर मशिन ०.०७ ने सरकताच भोक पॅडच्या बाहेर जाईल. याला ब्रेकआउट म्हणतात. आयपीसीच्या ६०१२ मानकात दर्जाचे तीन वर्ग आहेत. दुसऱ्या वर्गात, म्हणजे नेहमीच्या औद्योगिक वस्तूंमध्ये, भोकाच्या परिघाच्या नव्वद अंशांपर्यंतचा ब्रेकआउट चालवून घेतला जातो. तिसऱ्या वर्गात, जिथे वैद्यकीय किंवा अवकाशातली उपकरणं येतात, तिथे अजिबात नाही. तुमचा छंदाचा बोर्ड दुसऱ्या वर्गात बसतो, पण ब्रेकआउट नेमका ट्रॅक जोडला जातो त्या बाजूला झाला तर सांधा नाजूक होतो. त्यावर टीअरड्रॉप हा चांगला उपाय आहे, त्याकडे पुढे येतो.

आता किकॅड उघडा

पीसीबी एडिटरमध्ये फाइल मेनूतून बोर्ड सेटअप उघडा. डाव्या यादीत डिझाइन रूल्सखाली कन्स्ट्रेंट्स आहे. सर्वांत आधी इथे या. किमान अ‍ॅन्युलर विड्थ, किमान व्हाया व्यास, किमान थ्रू-होल आणि दोन भोकांमधलं किमान अंतर अशा चौकटी दिसतील. यांत तुमच्या फॅब्रिकेटरच्या, म्हणजे बोर्ड बनवणाऱ्या कारखान्याच्या, तक्त्यातले आकडे भरा. कडं ०.१५ मिमी आणि भोक ०.३ मिमी ही मर्यादा दोन थरांच्या साध्या बोर्डला सहसा जादा पैसे न घेता मिळते. घरी बनवणार असाल तर कड्याला ०.४ लिहा.

इथे बहुतेकांची पहिली फसगत होते. कन्स्ट्रेंट्समध्ये कड्याची किमान रुंदी वाढवली म्हणून बोर्डवरचा एकही पॅड मोठा होत नाही. हा फक्त पहारेकरी आहे. तपासणीच्या वेळी तो तक्रार करेल, दुरुस्ती करणार नाही.

त्याच यादीत नेट क्लासेस आहे. नेट म्हणजे विजेने एकमेकांना जोडलेल्या पायांचा गट, आणि क्लास म्हणजे अशा नेटांना लावायचे सामाईक आकार. प्रत्येक क्लासला ट्रॅकची रुंदी, क्लिअरन्स (शेजारच्या तांब्यापासून सोडायचं अंतर), व्हायाचा व्यास आणि व्हायाचं भोक असतं. डिफॉल्ट क्लासचा व्हाया अलीकडच्या आवृत्त्यांत ०.६ मिमी व्यास आणि ०.३ मिमी भोक असा येतो, म्हणजे कडं ०.१५. जागा असेल तर मी डिफॉल्ट बदलून ०.८ आणि ०.४ करतो. कडं ०.२ मिळतं, आणि छंदाच्या बोर्डवर जागा जवळपास नेहमी असते. वीजपुरवठ्याच्या नेटांसाठी वेगळा क्लास करा आणि त्याला १.० व ०.५ द्या.

या पॉवर क्लासबद्दल थोडं थांबतो. व्हायातून किती प्रवाह जाईल हे कड्यावर ठरत नाही, आतल्या नळीच्या तांब्यावर ठरतं. ०.३ मिमीच्या भोकाच्या भिंतीवर २० मायक्रॉन तांबं धरलं तर नळीचा काटछेद साधारण ०.०२ चौरस मिमी येतो. बोर्डवरच्या नेहमीच्या ३५ मायक्रॉन जाडीच्या तांब्यात हाच काटछेद जवळपास ०.५७ मिमी रुंद ट्रॅकचा असतो. म्हणजे २ मिमी रुंदीचा पॉवर ट्रॅक एकाच ०.३ च्या व्हायातून खाली नेला, तर तुम्ही मोठ्या नळाला बारीक नळी जोडली. तिथे तीन-चार व्हाया शेजारी शेजारी टाका. कडं रुंद करून हा प्रश्न सुटत नाही.

नेट क्लासशेजारी प्री-डिफाइन्ड साइझेसमध्ये व्हायाचे दोन-तीन आकार भरून ठेवा. राउटिंग करताना, म्हणजे ट्रॅक ओढताना, व्ही दाबला की व्हाया पडतो, आणि वरच्या पट्टीतल्या यादीतून आकार निवडता येतो.

दुसरी फसगत इथे आहे. नेट क्लासमधला व्हाया बदलला तरी आधी टाकलेले व्हाया जुन्याच आकाराचे राहतात. त्यांच्यासाठी एडिट मेनूतून ट्रॅक आणि व्हायाचे गुणधर्म बदलण्याची खिडकी उघडा, कोणते व्हाया ते गाळणीने निवडा, आणि नेट क्लासचे आकडे लावायला सांगा. एका फटक्यात सगळे बदलतात. त्यानंतर ताबडतोब तपासणी चालवा, कारण मोठे झालेले व्हाया शेजारच्या ट्रॅकला टेकलेले असू शकतात.

पॅड मात्र फूटप्रिंटमध्ये राहतात

नेट क्लासचा पॅडच्या आकाराशी काही संबंध नाही. पॅडचा आकार त्या घटकाच्या फूटप्रिंटमध्ये, म्हणजे बोर्डवरच्या त्याच्या पॅडांच्या आराखड्यात, लिहिलेला असतो. ईगल हे दुसरं बोर्ड-आखणी सॉफ्टवेअर वापरून आलेल्यांना हे खटकतं, कारण तिथे नियमातच कडं भोकाच्या टक्केवारीत लिहायची सोय होती: मूळ सेटिंग भोकाच्या २५ टक्के, पण १० मिलपेक्षा (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) कमी नाही आणि २० मिलपेक्षा जास्त नाही. लायब्ररीत पॅडचा व्यास ऑटो ठेवला असेल तर ईगल स्वतः हिशेब करून पॅड काढायचं. किकॅडमध्ये तसं नाही. इथे पॅड कसा हवा हे तुम्ही किंवा लायब्ररी बनवणाऱ्याने ठरवायचं. माझ्या मते शिकणाऱ्यासाठी हे बरं आहे, प्रत्येक पॅडकडे एकदा तरी बघावं लागतं.

एखाद-दुसरा पॅड बदलायचा असेल तर बोर्डवरच तो निवडा, ई दाबा, आणि गुणधर्मांत आकार व भोक बदला. पण पुढे कधीतरी तुम्ही लायब्ररीतून फूटप्रिंट अपडेट केले की हा बदल पुसला जातो. म्हणून घटक पुन्हा वापरणार असाल तर फूटप्रिंट एडिटरमध्ये तो उघडा, स्वतःच्या लायब्ररीत वेगळ्या नावाने साठवा आणि तिथे बदला. नावात आकडे घाला, उदाहरणार्थ हेडर, भोक १.१, पॅड १.९. सहा महिन्यांनी तुम्हालाच ते उपयोगी पडेल. एक पॅड दुरुस्त केल्यावर त्यावर उजवं क्लिक करून त्याचे गुणधर्म बाकी पॅडांना देता येतात, त्यामुळे चाळीस पिनांचा हेडर चाळीस वेळा बदलावा लागत नाही.

पॅड गोलच हवा असं नाही. शेजारच्या पायाकडे जागा नसेल तर पॅड दुसऱ्या दिशेने लांब करा. डीआयपी आयसीच्या फूटप्रिंटमध्ये लाँगपॅड्स असा एक प्रकार येतो. त्यात पॅड १.६ बाय २.४ मिमीचा लंबगोल असतो. भोक ०.८ असल्याने लांबीच्या दिशेने कडं ०.८ मिमी होतं, आणि शेजारच्या दोन पॅडांतलं ०.९४ मिमी अंतरही जात नाही. हाताने सोल्डर करणाऱ्याने डीआयपीसाठी नेहमी हाच प्रकार घ्यावा.

याच्या उलट टोकाला टीओ-९२ ट्रान्झिस्टर आहे. बीसी५४७ सगळ्यांकडे असतो आणि सगळेच त्यावर अडतात. त्याचे तीन पाय १.२७ मिमी अंतरावर. किकॅडच्या इनलाइन फूटप्रिंटमध्ये भोक ०.७५ आणि पॅड १.०५ बाय १.५ मिमी. अरुंद दिशेने कडं फक्त ०.१५ आणि दोन पॅडांमध्ये ०.२२ मिमी. कारखान्यातल्या बोर्डला हे ठीक आहे. घरी इस्त्रीने टोनर उमटवून आणि फेरिक क्लोराइडमध्ये बुडवून हे निघत नाही: एकतर पॅड एकमेकांना चिकटतात, नाहीतर ड्रिल अर्धं कडं घेऊन जातं. तिथे पॅड मोठा करायचा प्रयत्नच करू नका, जागा नाही. इनलाइन वाइड नावाचा फूटप्रिंट घ्या, त्यात पाय २.५४ मिमी अंतरावर आहेत. ट्रान्झिस्टरचे बाहेरचे दोन पाय चिमट्याने थोडे फाकवायचे, काम झालं.

घरच्या बोर्डसाठी

महाराष्ट्रातल्या अनेक पदविका आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांत पहिला बोर्ड अजूनही असाच बनतो, म्हणून हे वेगळं लिहितो. सर्व थ्रू-होल पॅडांना शक्यतो ०.५ मिमी कडं द्या. ०.८ भोकाला १.८ ते २.० चा पॅड. ज्या भागावर जोर येतो, म्हणजे स्क्रू टर्मिनल, डीसी जॅक, पोटेन्शिओमीटर, बटन, त्यांना जागा असेल तितकं तांबं द्या, शक्यतो ट्रॅकही रुंद करून पॅडला घट्ट मिळवा.

छापताना ड्रिल मार्कचा पर्याय असतो: काहीच नको, छोटी खूण, किंवा खऱ्या मापाचं भोक. छोटी खूण निवडा. पॅडच्या मध्यभागी तांब्यात एक बारीक खळगा कोरला जातो आणि ड्रिलचं टोक त्यात आपोआप बसतं. खऱ्या मापाचं भोक निवडलं तर मधलं तांबं नसतं आणि टोक हवं तिकडे घसरतं. या एका पर्यायाने जितकी कडी वाचतात तितकी पॅड मोठा करूनही वाचत नाहीत.

दोन बाजूंच्या घरगुती बोर्डवर व्हाया म्हणजे तारेचा तुकडा, वरून खालून सोल्डर केलेला. त्याला ०.८ चं भोक आणि १.८ चा व्यास द्या, आणि तो आयसीच्या खाली कधीही ठेवू नका, कारण वरचा सोल्डरचा थेंब आयसीला बोर्डवर टेकू देत नाही.

मोठं म्हणजे चांगलंच असं नाही

पॅड वाढवत गेलं की शेजारचं अंतर घटतं आणि सोल्डरचे पूल बनतात. रिले वापरणाऱ्यांनी इथे विशेष काळजी घ्यावी. २३० व्होल्टच्या बाजूचा पॅड मोठा करताना कमी व्होल्टेजच्या बाजूपासूनचं अंतर तुम्ही खात असता, आणि तिथे ते अंतर माणसाच्या जिवाशी निगडित आहे. अशा पॅडला उलट दिशेने, म्हणजे कमी व्होल्टेजपासून लांब जाणाऱ्या बाजूला लांब करा. मोठा पॅड ग्राउंडच्या पसरट तांब्याला जोडलेला असेल तर थर्मल रिलीफ (पॅड अरुंद पट्ट्यांनीच जोडायचा पर्याय) चालू ठेवा, नाहीतर साध्या सोल्डरिंग आयर्नने सोल्डर वितळणार नाही.

व्हायाचं भोक फार छोटं करण्याचाही मोह टाळा. १.६ मिमी जाडीच्या बोर्डमध्ये ०.३ चं भोक म्हणजे जाडी आणि व्यासाचं प्रमाण ५.३. ०.२ केलं की तेच ८ होतं, नळीत तांबं सारखं चढवणं अवघड होतं आणि बहुतेक ठिकाणी दरही वाढतो.

टीअरड्रॉप

किकॅडच्या ७ व्या आवृत्तीपासून, म्हणजे २०२३ पासून, हे आतच आहे. ट्रॅक पॅडला मिळतो तिथे अश्रूच्या थेंबासारखं तांबं भरलं जातं. भोक नेमकं त्या बाजूला सरकलं तरी जोड टिकतो. एडिट मेनूतून सगळ्या बोर्डला एकदम लावता येतं. कडं ०.२ पेक्षा कमी असेल तिथे मी ते नेहमी लावतो. घरच्या बोर्डवर तर अवश्य लावा.

तपासणी

डिझाइन रूल चेकर चालवा. कडं कमी पडल्याची चूक आली की तो पॅड किंवा व्हाया निवडून आकडे बघा. कन्स्ट्रेंट्समधली मर्यादा खाली आणून चूक गप्प करणं हा सर्वांत सोपा आणि सर्वांत महागडा मार्ग आहे. मर्यादा फॅब्रिकेटरच्या तक्त्याप्रमाणेच असू द्या, बदलायचा तो पॅड.

एक चूक हमखास दिसते. कोणीतरी स्क्रूसाठी भोक हवं म्हणून थ्रू-होल पॅड घेतो आणि पॅडचा व्यास भोकाएवढाच ठेवतो. किकॅडला हे कडं नसलेलं प्लेटेड भोक वाटतं. अशा वेळी पॅडचा प्रकारच बदलून न-प्लेटेड करा. लायब्ररीत एम३ स्क्रूसाठी ३.२ मिमीचं न-प्लेटेड भोक तयार आहे. स्क्रूचं डोकं ग्राउंडला जोडायचं असेल तर ६.४ मिमी पॅड असलेला प्रकारही आहे, त्याचं कडं १.६ मिमी होतं.

कारखान्याला द्यायच्या गर्बर (थरांची चित्रं) आणि ड्रिल फाइली काढल्यावर त्या गर्बर व्ह्यूअरमध्ये एकत्र उघडा. तांब्याचा थर आणि ड्रिलचा थर एकावर एक ठेवा, झूम करून कोपऱ्यातले पॅड बघा. ड्रिलचा मूळबिंदू वेगळा घेतला गेला असेल तर सगळी भोकं पॅडच्या बाहेर सरकलेली दिसतील. हे पाच मिनिटांचं काम आहे.

आणि शेवटी तांब्याचा थर कागदावर १ः१ मापात छापा. प्रिंटरच्या खिडकीत पानाला बसवण्याचा पर्याय बंद आहे ना हे बघा, आणि बोर्डची एक कड पट्टीने मोजून खात्री करा. तो कागद थर्माकोलच्या तुकड्यावर ठेवा आणि प्रत्येक घटकाचे पाय त्यातून टोचून बघा. भोकाचा घेर कागदावर मोजता येत नाही, पण पायांची जागा चुकली असेल तर लगेच कळते. जिथे पाय पॅडच्या मध्यावर न पडता कडेला पडतो, तो फूटप्रिंट पुन्हा उघडा.